सिंगापूरची दिवाळी

आम्ही राहत होतो त्या खोलीला स्वतःचा पत्ता नव्हता. पत्र यायचं ते शाळेच्या नावावर, आणि त्याखाली बारीक अक्षरात अण्णांचं नाव. अण्णा शाळेत शिपाई होते आणि आवाराच्या मागच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीला लागून, शिपायाला राहायला एक खोली होती. पुढे पत्र्याची पडवी, पडवीत आईची चूल. माझा जन्म तिथला. कडुलिंबाच्या फांदीला रुळाचा एक तुकडा टांगलेला होता आणि अण्णा त्यावर लोखंडी दांड्यानं ठोके द्यायचे. घरात घड्याळ नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती. आईची भाकरी दुसऱ्या ठोक्याला तव्यावर पडायची. मधल्या सुट्टीच्या घंटेला कावळे भिंतीवर येऊन बसायचे, कारण पोरं डबे उघडणार हे त्यांना ठाऊक होतं. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत घंटा बंद झाली की पहिले दोन-तीन दिवस आईला स्वयंपाकाची वेळ समजायची नाही. भाकरी करपायच्या तरी, नाहीतर कच्च्या राहायच्या.

अण्णांचं दुसरं काम सूचनावही फिरवायचं. मुख्याध्यापक वहीत सूचना लिहून सही करायचे आणि अण्णा ती वही घेऊन वर्गावर्गात जायचे. गुरुजी मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि सही करून वही परत द्यायचे. बहुतेक सूचना सुट्टीच्या असत, त्यामुळे अण्णा दारात दिसले की वर्गात कुजबूज व्हायची. आमच्या शाळेत सगळ्यांत लाडका माणूस कोण असेल तर तो शिपाई होता. स्वतः अण्णा चौथी पास. पण वही हातात आली की ते आधी झाडाखाली उभं राहून सूचना स्वतः वाचायचे, ओठ हलवत, आणि मुख्याध्यापकांची सही पुन्हा एकदा बघायचे. सही नसेल तर ते पहिल्या वर्गाचीही पायरी चढायचे नाहीत. हे ते का करतात, हे मला पुष्कळ वर्षांनी समजलं. तेच सांगायला मी इथे बसले आहे.

लक्ष्मीपूजनाला बाजारपेठेत वह्यांची पूजा व्हायची. आमच्याकडे पूजेला वह्या कुठल्या? अण्णा पाटावर किल्ल्यांचा जुडगा आणि घंटेचा दांडा ठेवायचे, त्यांना हळदकुंकू वाहायचे, आणि मग आम्ही तिघं बाहेर पडायचो. शाळेला अकरा वर्ग होते. प्रत्येक वर्गाच्या उंबऱ्यावर एक पणती. अण्णा पणती ठेवून वात सरळ करायचे, मी वाटीतून तेल घालायची, आणि आई मागून काडी लावत यायची. "विद्येच्या घरात लक्ष्मी सहसा येत न्हाई," अण्णा दर वर्षी म्हणायचे, "पर आलीच चुकून, तर वाट दिसाया पायजे." अकराव्या पणतीपाशी, म्हणजे दहावीच्या वर्गापाशी पोचलो की मागे वळून बघायचं. एरवी शाळेत संध्याकाळी काळोख असायचा. त्या एका संध्याकाळी सगळं दगडी लांबट अंगण उजळायचं, आणि सुट्टीमुळे तिथे बघणारे आम्ही तिघंच असायचो. दुसऱ्या दिवशी सकाळी विझलेल्या पणत्या टोपलीत गोळा करायच्या, तेही माझंच काम.

याच शाळेतून मी शिकले. पुढे गावातल्याच कॉलेजात बी. कॉम. झाले. आमच्या घराण्यात पदवीचा कागद पहिल्यांदा माझ्या नावानं आला. अण्णांनी तो मुख्याध्यापकांकडून वाचून घेतला आणि पेढे शाळेतल्या पोरांना वाटले. त्यानंतर वर्षभरात मी पुण्यात खराडीला नोकरीला लागले. त्या नोकरीनं मला जे दिलं ते मी कधी विसरणार नाही. आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन त्या पगारातून झालं, आणि आज मी या लिहायच्या टेबलाशी बसले आहे तीही त्याच वाटेनं. पण त्या पहिल्या दोन-तीन वर्षांइतकी एकटी मी आयुष्यात पुन्हा कधी झाले नाही. कृतज्ञता एकीकडे आणि एकटेपणा एकीकडे. एकानं दुसरं कमी होत नाही, हे आता पन्नाशीकडे झुकल्यावर सांगता येतं. तेव्हा वाटायचं, एवढं मिळालं आणि तरी रडू येतं म्हणजे माझंच काहीतरी चुकतंय.

आमच्या ऑफिसचं काम असं होतं. पूर्वेकडच्या देशांतल्या हॉटेलांची आरक्षणं आम्ही पुण्यात बसून सांभाळायचो. एकेका देशाचं एकेक टेबल. त्या देशात कुठल्या दिवशी सरकारी सुट्टी, कुठला सण, कुठली मोठी शर्यत किंवा सामना, याचं वर्षभराचं कॅलेंडर त्या टेबलावरच्या माणसानं तयार करायचं, कारण त्या दिवसांवर खोल्या भरायच्या किंवा रिकाम्या राहायच्या. सुट्टीला लाल रंग, सणाला पिवळा, खेळाला हिरवा. आणि आपल्या रजा त्याच कॅलेंडरप्रमाणे. ज्याचा जो देश, त्याची ती सुट्टी. तिकडे बंद तर आपण घरी, तिकडे चालू तर आपण हजर. हळूहळू आम्हाला नावंही देशांचीच पडली. ऑस्ट्रेलिया म्हणजे जोसेफ. त्याची यादी हिरवीगार असायची. मेलबर्नला घोड्यांच्या शर्यतीसाठी अख्ख्या शहराला सुट्टी देतात, हे त्यानंच आम्हाला सांगितलं. जपान म्हणजे शर्वरी, सदाशिव पेठेतली. "आज जपानात म्हाताऱ्यांचा मान राखायची सुट्टी आहे," ती एकदा म्हणाली. "आमच्याकडे आजोबांना मान म्हणून टीव्हीचा रिमोट देतात, तोही सेल काढून." आणि मी सिंगापूर. "सिंगापूर, डबा आण." "सिंगापूर, पंखा कमी कर."

सिंगापूरला चिनी लोकांचं नवं वर्ष असायचं, बुद्धाची पौर्णिमा असायची, ईद असायची. ईदचा चंद्र दिसेल की नाही ते कळेपर्यंत माझ्या कॅलेंडरातला एक चौकोन पेन्सिलीनं लिहिलेला असे. त्यांचा राष्ट्रीय दिवस आमच्या पंधरा ऑगस्टच्या आधी सहा दिवस येतो. त्या दिवशी मला सुट्टी. पहिल्या वर्षी त्या सुट्टीला काय करायचं ते कळेना, म्हणून मी दोन बस बदलून बुधवार पेठेत गेले, जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एक नकाशांचं पुस्तक घेतलं, आणि सिंगापूर शोधलं. टाचणीच्या डोक्याएवढं होतं. मग गणपतीच्या देवळाबाहेर रस्त्यापलीकडून हात जोडले आणि परत आले. दिवसभरात मी फक्त तीन माणसांशी बोलले, दोन कंडक्टर आणि एक दुकानदार. दुकानदार म्हणाला, "बघून झालं असेल तर घ्या, घेऊन झालं असेल तर निघा." आणि खुद्द पंधरा ऑगस्टला, ज्या दिवशी अण्णा पहाटे उठून झेंड्याच्या दोरीला गाठ मारत असणार, मी कानाला फोन लावून एका बाईंना समुद्राकडची खोली हवी की बागेकडची ते विचारत होते. आपल्या सणाला आपण कामावर, आणि आपल्या सुट्टीला कुणाचाच सण नाही. हा हिशेब माझ्या अंगवळणी पडायला फार वेळ लागला.

राहायला मी आक्कांकडे होते. खराडी एके काळी गाव होतं, आणि आक्का त्या गावच्या. जमिनीवर काचेचे टॉवर उभे राहिले तसं त्यांच्या मुलानं तीन मजली घर बांधलं आणि वरच्या मजल्यावरच्या खोल्या आम्हा नोकरीवाल्या मुलींना दिल्या. पण आक्कांनी दोन म्हशी विकल्या नव्हत्या. टॉवरच्या सावलीत गोठा होता. सिंगापूरचं घड्याळ आपल्या पुढे, त्यामुळे माझी पाळी पहाटे साडेपाचला सुरू व्हायची आणि ऑफिसची गाडी न्यायला यायची तेव्हा आक्का धार काढत बसलेल्या असायच्या. दुपारी अडीचनंतर मी मोकळी. सगळ्या मैत्रिणी कामावर, आणि माझ्यापुढे अख्खी दुपार. दुपारचा एकटेपणा फार उजेडात असतो, लपायला जागा नसते.

पण त्या देशाची एक गोष्ट माझ्या बाजूनं होती. सिंगापूरला दिवाळीची सरकारी सुट्टी असते. तिकडे पिढ्यान्‌पिढ्या तमिळ लोक आहेत, त्यांच्यासाठी. ऑफिसातल्या आमच्या खोलीत दिवाळीला सुट्टी मिळणारी मी एकटी. "बघा, देश निवडावा तर असा," शर्वरी म्हणायची. पहिल्या दिवाळीला ती सुट्टी आठवड्याच्या मधोमध आली, एका दिवसात जाऊन येणं जमलं नाही, आणि दुसऱ्या दिवाळीला मला ताप होता. तिसरी दिवाळी मात्र मला हवीच होती. अण्णा त्या वर्षाच्या शेवटी निवृत्त होणार होते. निवृत्त झाले की खोली सोडायची. आई-अण्णा काकांच्या घरामागे दोन खोल्यांत जाणार हे ठरलेलं होतं. म्हणजे त्या अकरा उंबऱ्यांवर आमच्या हातानं पणत्या लागण्याची ती शेवटची दिवाळी होती. मी आईला कबूल केलं होतं, काही झालं तरी येते. आई म्हणाली होती, "तू येईस्तोवर करंज्यांना हात लावत न्हाई. करंजी एकटीनं करू नये." हा आमच्या घरचाच नियम. एकीनं लाटायचं, दुसरीनं भरायचं.

आता चूक सांगते. वर्षाचं कॅलेंडर आदल्या वर्षाच्या अखेरीस तयार व्हायचं, आणि आमचे वरिष्ठ केळकर सर त्याबाबत कडक होते. प्रत्येक तारीख दोन ठिकाणी पडताळायची, त्या देशाच्या सरकारी यादीत आणि तिथल्या हॉटेलवाल्यांकडे. पडताळणीचे दोन चौकोन असत आणि दोन्हींत आपली सही. चिनी नववर्ष मी दोनदा तपासलं. ईद तीनदा. बुद्धाच्या पौर्णिमेसाठी तिकडच्या बाईंना दोनदा विचारून भंडावून सोडलं. आणि दिवाळीपाशी आल्यावर खोलीवरच्या भिंतीवर पाहिलेलं आठवलं. तिथे घरून आणलेली पुढच्या वर्षाची दिनदर्शिका होती, तिच्यात लक्ष्मीपूजन शुक्रवारी. मी शुक्रवार लिहिला, लाल रंग दिला, आणि दोन्ही चौकोनांत सही केली. केळकर सरांनी पेन्सिलीचं टोक त्या ओळीवर ठेवलं होतं.

"हे पडताळलं?"

"सर, दिवाळी आहे."

"ते दिसतंय. पडताळलं का, हे विचारतोय."

"दिवाळी मला माहीत आहे, सर."

ते पुढच्या ओळीवर गेले. मराठी माणसांनी भरलेल्या त्या खोलीत दिवाळीच्या तारखेवर शंका कोण घेणार?

दिवाळीच्या आठवड्यातला सोमवार. सिंगापूरच्या हॉटेलातल्या मिस तान म्हणून एक बाई होत्या, रोज बोलणं व्हायचं. काम संपल्यावर त्या म्हणाल्या, "गुरुवारी आम्ही बंद, शुक्रवारी बोलू. शुक्रवारी फार गर्दी असेल हं, दोन दिवसांचं काम एका दिवसात. तुम्हाला दिवाळीच्या शुभेच्छा." मी म्हटलं, गुरुवारी? त्या म्हणाल्या, गुरुवारी, हो, दीपावली. फोन ठेवला आणि मी सरकारी यादी उघडली. अकरा महिन्यांपूर्वी उघडायला हवी होती ती. तिकडचे तमिळ लोक नरकचतुर्दशीलाच दिवाळी मानतात. आमची पहिली आंघोळ ती त्यांची दिवाळी. लक्ष्मीपूजनाला सिंगापूर नेहमीसारखं उघडं असणार होतं आणि त्या दिवशी आमचं टेबल, माझ्या सहीनं, बंद ठेवायचं ठरलं होतं.

माझी गाडी गुरुवारी रात्रीची होती. मी ते टेबल सोडून उठले आणि पाण्याच्या यंत्रापाशी जाऊन उभी राहिले. माझ्या मनात काय आलं ते प्रामाणिकपणे लिहिते. हे फक्त मला माहीत आहे. मी काही बोलले नाही तर गुरुवारी रात्री मी गाडीत बसेन, शुक्रवारी तिकडून फोन येतील, कुणी उचलणार नाही, आणि शनिवारी सगळे म्हणतील, यादीच चुकीची आली असेल. तोवर पणत्या लागून गेलेल्या असतील. दुपारी खोलीवर जाऊन मी घरी फोन लावला. अण्णांनी उचलला. मी सगळं सांगितलं, सहीचं सोडून. मग सहीचंही सांगितलं.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मागे घंटेचा ठोका पडला नाही, सुट्ट्या लागल्या होत्या. मग ते म्हणाले, "नंदे, तुला एक सांगतो, तुझ्या आईशिवाय कुणाला म्हाईत न्हाई." आणि त्यांनी सांगितलं. मी पाळण्यात होते तेव्हाची गोष्ट. गावच्या जत्रेची स्थानिक सुट्टी असते. मुख्याध्यापक बाहेरगावी होते, सूचना लिहून आली नव्हती, आणि अण्णांनी आपणच वर्गावर्गात जाऊन सांगितलं, बुधवारी जत्रा, बुधवारी सुट्टी. "म्हटलं, गावच्या जत्रंचा दिवस मला कुणी शिकवायचा? जन्म इथं गेला." पण त्या साली तिथी दोन दिवसांवर आली होती, पुजाऱ्यांनी मंगळवार धरला, आणि शाळेला सुट्टी मंगळवारची लागली. हे सोमवारी संध्याकाळी कळलं. वाड्या-वस्त्यांवरच्या पोरांना कळवायचं कसं?

"मग काय केलंत?"

"काय करणार? मंगळवारी दिस उगवायच्या आत फाटकापाशी जाऊन हुबा ऱ्हायलो. पोरं आली की, डबे घिऊन, दोन-दोन कोस चालून. एकेकाला सांगितलं, बाळा, माझी चूक झाली, आज साळा बंद हाय. पाणी दिलं. ल्हान होती त्यांस्नी वस्तीवर नेऊन सोडलं. तिकडं हलगी वाजत हुती, कुस्त्या लागल्या हुत्या. ऐकत हुतो. त्या साली कुस्त्या बघितल्या न्हाईत."

अण्णांना कुस्तीचं वेड होतं. तरुणपणी ते स्वतः फडात उतरलेले. ते म्हणाले, "चुकीच्या दिवशी फाटक बंद ठिवलं, तर फाटकापाशी एक माणूस लागतो गं. न्हाईतर आलेल्यानं कुणाला इचारायचं?"

मागून आईचा आवाज आला, "काय म्हणती? कधी निघती?" अण्णा तिला म्हणाले, "शनिवारी यील." त्यांनीच ठरवलं ते. मी नव्हतं म्हटलं. आई फोनवर आली नाही.

मंगळवारी सकाळी मी केळकर सरांना सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे दिवाळी आपल्याला माहीत होती," ते म्हणाले. "फक्त आपलीच. असो. चूक कुणाची ते मी विचारत नाही, तुम्ही सांगून टाकलंय. शुक्रवारी फोन कोण घेणार, ते बोला."

"मी घेईन, सर."

"घ्या. आणि तो दुसरा चौकोन असतो ना, तो शोभेसाठी नसतो."

एवढंच. पण दिवसभर माझे कान गरम होते.

सगळ्यांत लांब गेला तो गुरुवार. नियमाप्रमाणे मला सुट्टी होती. बुधवारी रात्रीच्या गाड्या भरून गेल्या होत्या आणि मिळाली असती तरी आठ तास जायचे नि आठ तास यायचे, शुक्रवारी पहाटे टेबलावर पोचायचं कसं? वरच्या मजल्यावरच्या सगळ्या मुली गावी गेलेल्या. पहाटे दारावर थाप पडली. आक्का, हातात उटण्याची वाटी. "उठ की गं, पहिली आंघोळ हाय. नरकात जायचंय व्हय?" त्यांनी माझ्या पाठीला तेल लावलं, त्यांच्या बंबातलं कढत पाणी दिलं, आणि खाली बोलावून फराळाचं ताट पुढे ठेवलं. त्यांच्या सुना, नातवंडं, सगळं घर भरलेलं. मी कडेच्या पाटावर.

"आज सुट्टी कशी काय तुला?" आक्कांनी विचारलं.

"सिंगापूरला आज दिवाळी आहे."

"आन्‌ आपली लक्ष्मी उद्या." त्या विचारात पडल्या. "चंद्र येकच ना गं?"

"एकच."

"मग तुला कुटली सुट्टी पायजे हुती?"

मी ताटातला लाडू मोडत बसले. आक्कांनी आणखी विचारलं नाही, एक करंजी वाढली. मी ती पदराआड लपवावी तशी रुमालात गुंडाळून वर नेली आणि खाल्ली नाही. आई तिकडे करंज्यांना हात न लावता बसली होती. दुपारभर मी खिडकीत होते. टॉवरच्या काचांत म्हशींचं प्रतिबिंब पडलं होतं. परदेशातल्या कुठल्या दिवशी कोण काय खातं, कुठे होड्यांच्या शर्यती लागतात, कुठे पूर्वजांच्या थडग्यांवर फुलं वाहतात, हे सगळं मला तोंडपाठ होतं. दिवाळीच्या त्या दिवशी मात्र मी कोणत्या देशात आहे, हे मला सांगता आलं नसतं.

शुक्रवारी पहाटे ऑफिसला पोचले तर केळकर सर शेजारच्या टेबलाशी वर्तमानपत्र उघडून बसलेले. त्यांच्या नावावर माझ्यासारखी कुठली चूक नव्हती, त्यांनी यायचं काही कारण नव्हतं. मी काही म्हणायच्या आत तेच म्हणाले, "घरी थांबलो असतो तर माळा आवरायला लावला असता. त्यापेक्षा सिंगापूर बरं." मिस तान म्हणाल्या होत्या तसंच झालं. फोनवर फोन. अडीच वाजले, चार वाजले, सहा वाजत आले. त्यातले निम्मे सरांनी घेतले. एकही फोन वाजून बंद पडला नाही, एवढं समाधान मी आजही बाळगून आहे. शेवटचा ठेवला तेव्हा खाली रस्त्यावर फटाके सुरू झाले होते. पहारेकऱ्यांनी ऑफिसच्या फाटकाच्या दोन्ही खांबांवर पणत्या लावल्या होत्या, त्या वरून दिसत होत्या. मी घरी फोन लावला. वाजत राहिला. कुणी उचलला नाही. मला कळलं, दोघं बाहेर आहेत, वर्गांपाशी. मी तो वाजू दिला. अण्णा वात सरळ करत असतील, आई काडी घेऊन, आणि तेलाची वाटी कुणाच्या हातात असेल? खाली ठेवायची, उचलायची, पुन्हा ठेवायची, असं चाललं असेल. फोन आपोआप बंद झाला.

सर कागदाच्या बशीत दोन चकल्या घेऊन आले. "सिंगापूर, तुमच्या देशाची दिवाळी काल झाली. आमची आज आहे. घ्या." मी चकली हातात घेतली आणि मला रडू फुटलं. ते खिडकीकडे तोंड करून, मी थांबेपर्यंत, फटाक्यांवरच्या खर्चाबद्दल काहीतरी तिरकस बोलत राहिले. त्यांचे उपकार मोजायला बसले तर हेच पहिलं मोजीन.

रात्रीच्या गाडीनं निघाले. कात्रजचा बोगदा ओलांडला की माझं पुणं संपायचं आणि डोळा लागायचा, तसाच लागला. उजाडताना शाळेपाशी पोचले तर अण्णा फाटकापाशी उभे होते. अंगात सदरा, हातात किल्ल्यांचा जुडगा. किती वेळ उभे होते ते त्यांनी सांगितलं नाही.

"फोन घेतलेस का सगळे?"

"सगळे."

"मग झालं."

"काल लावल्यात पणत्या?"

"लावल्या की. लक्ष्मी काय तुझ्यासाठी थांबती व्हय?" आणि पिशवी माझ्या हातातून काढून घेत म्हणाले, "गोळा करायच्या ठिवल्यात. ते काम तुझं."

आई पडवीत परात घेऊन बसली होती, सारण झाकून ठेवलेलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "हात-पाय धू. पीठ वाळून चाललंय." मी आधी टोपली घेतली. पहिल्या वर्गापासून सुरुवात केली. उंबऱ्यांवर तेल सांडलं होतं, गोल डाग पडले होते. माझ्या हातून कधी एवढं सांडत नसे. शेवटच्या पणतीपाशी मी मागे वळून पाहिलं. दिवसाउजेडी ते नुसतं दगडाचं लांबट अंगण होतं, अकरा डागांचं. ती संध्याकाळ मला मिळाली नाही ती नाहीच. डिसेंबरात खोली सोडली.

केळकर सर निवृत्त झाले आणि पुढे काही वर्षांनी ते कॅलेंडर माझ्याकडे आलं. आता तारखा यंत्रच भरतं. पण आमच्या तक्त्यात, पडताळणीच्या दोन चौकोनांच्या पुढे, तिसरा एक चौकोन मी घातला आहे. तारीख चुकलीच, तर त्या दिवशी कोण हजर असेल त्याचं नाव त्यात लिहायचं. नव्या मुलामुलींना तो चौकोन आधी कळत नाही. त्याचं नाव फाटक. सिंगापूरच्या दिवाळीपुढच्या फाटकात दर वर्षी माझं नाव असतं. तारीख गेल्या कित्येक वर्षांत चुकलेली नाही, त्या दिवशी तिकडे बंदच असतं. पहिली आंघोळ उरकून मी जाते, दिवसभर बसते, आणि फोन वाजत नाही.